जुन्या वर्कस्टेशनचा नॅस केलाय आणि लाईट बिल वाढलंय: आधी तास बघा, मग वॅट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीच्या डिस्पोजलमधून डेल प्रिसिजन टी५८१० स्वस्तात मिळालं. आत झिऑन ई५-१६५० व्ही३ प्रोसेसर, आठ स्टिक मिळून ६४ जीबी रॅम, क्वाड्रो के४२०० ग्राफिक्स कार्ड, ४ टीबीच्या चार डिस्क, त्या जोडायला वेगळं घेतलेलं एलएसआयचं कार्ड, आणि वर ट्रूनॅस, म्हणजे मशीनचा नॅस (घरच्या नेटवर्कवरचा फाईल साठवायचा सर्व्हर) करणारी सिस्टिम. घरातले फोटो, मोबाईलचा बॅकअप, थोडे सिनेमे एवढाच वापर. स्मार्ट प्लग ११८ वॅट दाखवतोय, मशीन चोवीस तास चालू, आणि आता घरात लाईट बिलावरून बोलणी बसायला लागलीयत. म्हणून तुम्ही विचारताय की कमी वॅटचा 'एल' सिरीजचा झिऑन टाकू का, आणि सोबत टायटॅनियम रेटिंगचा (म्हणजे फार कमी वीज वाया घालवणारा) पॉवर सप्लाय घेऊ का.

दोन्ही नका घेऊ. का ते सांगतो, जरा लांबेल, पण मी छोट्या ऑफिसांची आणि घरांची असली मशीनं सांभाळायचंच काम करतो, सीए लोकांची ऑफिसं, आर्किटेक्ट, लग्नाचे फोटोग्राफर वगैरे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सारखा येतो. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांनी काढून टाकलेली वर्कस्टेशन्स पुण्यात भरपूर फिरतात, दणकट असतात, ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम मिळते, त्यामुळे लोक घेतात आणि मग दोन बिलं आली की शोधाशोध सुरू होते.

पहिल्यांदा हिशोबाचं एक माप डोक्यात पक्कं करा. एक वॅट वर्षभर चोवीस तास जळला की ८.७६ युनिट होतात. तुमच्या घरी शेवटचं युनिट काय भावाने पडतं ते तुमच्या बिलावरून काढा, इथे मी सोयीसाठी सगळं धरून १२ रुपये घेतो. म्हणजे एक वॅट = वर्षाला साधारण १०५ रुपये. शंभरच धरा. कुठलाही पार्ट बदलायचा विचार आला की किती वॅट वाचणार ते बघा, त्याला शंभराने गुणा, आणि पार्टची किंमत शेजारी ठेवा. निम्मे व्हिडिओ बघायची गरजच राहत नाही. तुमचं ११८ वॅट म्हणजे वर्षाला १,०३४ युनिट, महिन्याला ८६ च्या आसपास, पैशात वर्षाला १२,४०० रुपये. तक्रार रास्तच आहे.

आता "शेवटचं युनिट" का म्हणालो. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३००, ५०० असे चढत जातात आणि सर्व्हरची ८६ युनिटं ही तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर येऊन बसतात, त्यामुळे ती तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या भावाने मोजायची, सरासरी भावाने नाही. घराचा वापर २३० असेल तर सर्व्हरमुळे ३१६ होईल आणि वरची १६ युनिटं पुढच्या भावात जातील. फक्त १६ हां, अख्खं बिल वरच्या भावात जातं असं बरेच जण समजतात, तसं नसतं. त्या भावात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवायला विसरू नका, ते युनिटबरोबरच वाढतात. स्थिर आकार मात्र सर्व्हर असो नसो तेवढाच, तो हिशोबात धरू नका. तुमचं घर १०० युनिटांच्या आत असेल, दोघंच राहत असाल, तर सगळे आकडे बरेच खाली येतील आणि खाली लिहिलेलं निम्मं काम करायची गरजही नाही.

दुसरं म्हणजे ११८ हा आकडा कुठे मोजलाय? स्मार्ट प्लग यूपीएसच्या पुढे आहे का मागे? प्लग यूपीएसच्या आउटपुटला असेल तर यूपीएस स्वतः किती खातोय ते तुम्हाला दिसतच नाहीये. साधा लाईन इंटरॅक्टिव्ह असेल तर पाच-दहा वॅटचा प्रश्न आहे, पण कंपनीतून मशीनबरोबर ऑनलाईन यूपीएसही उचलला असेल (हे मी बघितलंय, "फुकट देत होते म्हणून घेतला") तर तो सतत एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी करत बसतो आणि एवढ्याशा लोडवरसुद्धा वीसेक वॅट गरम हवेत घालवतो, म्हणजे वर्षाचे दोन हजार नुसते यूपीएसचे. प्लग भिंतीला लावा, यूपीएस त्याच्यात, मग आकडा घ्या. आणि आकडा वॅटचा घ्या, व्हीएचा नको, क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून २३० ने गुणू नका, कमी लोडला पॉवर फॅक्टर घसरतो आणि उत्तर उगाच जास्त येतं. घरगुती बिल वॅटवरच असतं.

स्मार्ट प्लगवर विश्वास नसेल तर फुकटचा उपाय सोसायटीच्या मीटर रूममध्ये आहे. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातले बाकी सगळे एमसीबी पाडा, फ्रीज, राऊटर, सगळं, फक्त सर्व्हरची लाईन ठेवा, खाली जाऊन मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. दोन लुकलुकीत जेवढे सेकंद जातात त्याने ११२५ ला भागा, आले वॅट. ११८ वॅट असतील तर दिवा साधारण साडेनऊ सेकंदांनी लुकलुकायला पाहिजे. सात सेकंदांनीच लुकलुकला तर समजा १६० जातायत आणि वरचे ४० कोण खातंय ते शोधा. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा म्हणजे ११२५ च्या जागी काय घ्यायचं ते मिळेल. सकाळी आंघोळीच्या वेळी करू नका, घरचे गिझरसाठी ओरडतील.

बरं, आता ११८ जातात कुठे. तुमच्या कॉन्फिगरेशनवरून माझा अंदाज असा, थोडं इकडेतिकडे होईल: बोर्ड आणि प्रोसेसर मिळून निवांत बसलेले असताना ३६, रॅमच्या आठ स्टिक १२, ग्राफिक्स कार्ड १४, एलएसआय कार्ड ९, फिरणाऱ्या चार डिस्क २४, पंखे ५. झाले १००. पॉवर सप्लाय एवढ्या लोडला साधारण ८५ टक्के एफिशियन्सीने चालला तर भिंतीवर ११८. जुळतंय.

या यादीत प्रोसेसर बघा. 'एल'वाला ई५-२६३०एल व्ही३ हा ५५ वॅटचा आणि तुमचा १६५० हा १४० वॅटचा, म्हणून ८५ वॅट वाचतील असं वाटतं, पण हे टीडीपी आहे, पूर्ण ताकदीने पळताना किती उष्णता काढावी लागेल त्याचं माप. तुमचा सर्व्हर दिवसातले तेवीस तास काहीच करत नसतो, आणि काही न करताना हे दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखंच खातात, प्लॅटफॉर्म तोच ना, मेमरी कंट्रोलर तोच, चिपसेट तोच. पाच वॅट वाचले तर नशीब. पाचशे रुपये वर्षाला. वर कोअरचा स्पीड कमी, म्हणजे सांबावर (नेटवर्क शेअरवर) फाईल कॉपी उलट हळू. टर्बो बंद करणं, कोअर बंद करणं हे पण त्याच जातीचे उपाय, काम लवकर उरकून झोपणारा प्रोसेसर एकूण कमीच खातो. तो विषय बंद.

पॉवर सप्लायचं थोडं वेगळं आहे. तुमची शंका बरोबर आहे की ६८५ किंवा ८२५ वॅटचा सप्लाय शंभर वॅटवर चालवणं म्हणजे त्याच्या सगळ्यात वाईट भागात चालवणं, ८० प्लसचं गोल्ड रेटिंग २०, ५० आणि १०० टक्के लोडला तपासतात, त्याच्या खाली काय होतं ते कोणी लिहून देत नाही, टायटॅनियमला मात्र १० टक्क्यांची अट असते. पण टी५८१० चा सप्लाय मागून सरकवून बसवायचा डेलचा स्वतःचा आहे, बाजारातला नेहमीच्या एटीएक्स मापाचा सप्लाय तिथे बसत नाही. ॲडॅप्टर केबल, कापाकापी, बाहेर लोंबकळणारा सप्लाय, हे सगळं करून वाचणार आठ-दहा वॅट, आणि टायटॅनियमची किंमत बघितलीय का? दहा वर्षं लागतील वसूल व्हायला.

मग काय करायचं. फुकटचं आधी.

एलएसआयचं ९२११ टाइप कार्ड काढा. "नॅस म्हणजे एचबीए (असं डिस्क जोडायचं कार्ड) पाहिजेच" हे व्हिडिओंमधून पसरलेलं आहे, आठ-दहा डिस्कवाल्याला ठीक, तुमच्या चार डिस्कना बोर्डवरचे साटा पोर्ट बहुतेक पुरतात, झाकण उघडून मोजून घ्या. त्या कार्डाला नऊ-दहा वॅट तर लागतातच, शिवाय ते स्वतः लिंक झोपवू देत नाही त्यामुळे प्रोसेसरलाही खोल झोप लागत नाही, म्हणजे दुहेरी नुकसान. त्याचा हीटसिंक चालू मशीनमध्ये बोट लावून बघा (जपून), चटका बसेल. अट एकच, डिस्क साटाच्या पाहिजेत. सॅसच्या (सर्व्हरवाल्या) असतील तर बोर्डाच्या पोर्टवर चालणार नाहीत, मग कार्ड राहू दे. आणि कार्ड आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या) असेल तर झेडएफएसला, म्हणजे ट्रूनॅसच्या फाईल सिस्टिमला, डिस्क कुठल्या पोर्टवर आहे याने फरक पडत नाही, पूल (डिस्कचा एकत्र गट) एक्स्पोर्ट करा, मशीन बंद, केबल बदला, बायोसमध्ये साटा मोड रेड असेल तर एएचसीआय करा, परत इम्पोर्ट. कार्डावरच रेड व्हॉल्यूम केलं असेल तर मात्र हात लावू नका, आधी सगळा डेटा दुसरीकडे. खरं तर दोन्ही बाबतीत आधी बॅकअप, पण हे मी सांगितलं तरी लोक नंतरच घेतात.

ग्राफिक्स कार्ड. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून काहीतरी कार्ड लागतं असं वाटतं, पण ते स्क्रीन बघायला. ट्रूनॅस तुम्ही ब्राउझरमधून चालवता. के४२०० ट्रूनॅसवर बिनाड्रायव्हरचं बसलंय, मग त्याला खालच्या क्लॉकवर जायला सांगणार कोण? कार्ड काढून मशीन चालू करून बघा. काही बोर्ड बीप मारून तिथेच थांबतात, काही बीप मारून पुढे जातात, बायोस व्हर्जन आणि सेटिंगवर अवलंबून असतं. पुढे गेलं तर चौदा वॅट वाचले. थांबलं तर जीटी ७१० सारखं पंखा नसलेलं जुनं कार्ड कोणाच्या तरी कपाटात पडलेलं असतं ते मागून आणा, आठ-नऊ वॅट तरी वाचतील. जेलीफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) करत असाल तर हिशोब बदलतो, तेव्हा तुमच्या ट्रूनॅसवर क्वाड्रोचा ड्रायव्हर चालत असेल तर ते ठेवायला अर्थ आहे. पण घरातला टीव्ही फाईल थेट वाजवत असेल, आणि हल्लीचे बहुतेक वाजवतात, तर ट्रान्सकोडिंग होतच नसतं. डॅशबोर्डवर एकदा बघून घ्या.

रॅम आठपैकी चार काढा. "एक टीबीला एक जीबी" हे ठोकताळे ऑफिसच्या सर्व्हरचे, घरात चार माणसं फोटो बघतात त्याला ३२ जीबी ढीग आहे. चार ठेवल्या की चारही चॅनल भरतात, वेग तोच राहतो. सहाएक वॅट. काढलेल्या स्टिक विकून टाका.

हे तिन्ही केलं की भिंतीवर ११८ चे साधारण ८५ होतात, शून्य रुपयांत, एका रविवारच्या सकाळीत. त्यात धूळ पण साफ करा, पंखे हळू होतील. पुढचा डिस्कवरचा पंखा मात्र "आवाज करतो" म्हणून काढू नका, एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला माहितीय.

मग बायोस. ऑफिसातून आलेल्या मशीनमध्ये सी-स्टेट्स आणि स्पीडस्टेप (प्रोसेसरला झोपवणारी आणि हळू करणारी सेटिंगं) बंद केलेले खूपदा सापडतात, कोणीतरी कॅड हळू चालतं म्हणून बंद केलेलं असतं. दोन्ही चालू करा. नक्की फरक पडतोय का ते बघायला ट्रूनॅसमध्ये खाटखूट करू नका, कुठलंही लिनक्स पेनड्राईव्हवरून बूट करा, पूल इम्पोर्ट न करता, आणि पॉवरटॉप (विजेचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. आयडल स्टॅट्सच्या पानावर पॅकेजच्या रांगेत सी६ (खोल झोप) समोर टक्केवारी दिसते. तिथे शून्य असेल तर काहीतरी प्रोसेसरला जागं ठेवतंय, बहुतेक एखादं पीसीआय कार्ड. एकेक काढत परत बघा, प्लगवरचा आकडा शेजारी लिहित जा. यातून आणखी पाच-सात वॅट मिळतात, तुमच्याकडे ८० च्या आसपास येऊन थांबेल असं मला वाटतं. ऑडिओ बंद कर, सिरीयल पोर्ट बंद कर, डीव्हीडी ड्राईव्ह काढ, हे सगळं मिळून दीड-दोन वॅट, हौस असेल तर करा.

आता डिस्क झोपवणं, स्पिनडाऊन. इथे लोक दोन गटांत भांडतात, एक म्हणतो झोपवल्याने डिस्क मरते, दुसरा म्हणतो काही होत नाही. दोघांचं अर्धं बरोबर आहे कारण प्रश्न दिवसातून किती वेळा हा आहे. बऱ्याच डिस्कवर स्टार्ट-स्टॉपचं रेटिंग ५०,००० असतं. दिवसाला दहा वेळा उठली तर तेरा वर्षं पुरेल. पण दर पंधरा मिनिटांनी झोपून उठत असेल तर दिवसाला ९६, वर्षाला ३५,०००, दीड वर्षात कोटा संपला, आणि उठताना १२ व्होल्टवर क्षणभर वीस-पंचवीस वॅट ओढते त्यामुळे वाचत पण काही नाही. म्हणून टायमर मोठा ठेवा, एक तास. साध्या लिनक्सवर असाल तर एचडीपार्म कमांडला कॅपिटल 'एस'ला २४२ (म्हणजे एक तास) द्या, ट्रूनॅसमध्ये डिस्कच्या सेटिंगमध्ये ६० मिनिटं आहेतच.

आणि मग लावूनही डिस्क झोपत नाहीत, हा पुढचा भाग. ट्रूनॅस स्वतःचा सिस्टिम डेटासेट पहिल्या पूलवर ठेवतो आणि त्यावर सतत काहीबाही लिहीत असतो, तो बूटच्या एसएसडीवर हलवा, नाहीतर बाकी काही करून उपयोग नाही. ॲप्स पूलवर असतील तर तेच. नंतर घरातले गुन्हेगार. नऱ्ह्याच्या एका फोटोग्राफरकडे हेच चाललं होतं. सगळं सेटिंग बरोबर, तरी डिस्क रात्रभर कुरकुरतायत. मशीनवर डिस्कच्या वाचन-लिखाणाचे आकडे दर पाच सेकंदांनी दाखवत ठेवले आणि घरातली एकेक गोष्ट नेटवरून काढत गेलो. लॅपटॉप काढला, फरक नाही. मोबाईल काढले, थोडा फरक. हॉलमधल्या टीव्हीची लॅन केबल उपसली आणि आकडे शून्यावर. टीव्ही स्टँडबायला होता, स्क्रीन काळी, पण आतून मीडिया सर्व्हरची यादी दर थोड्या वेळाने परत परत चाळत होता. टीव्हीतलं नेटवर्क स्टँडबाय बंद केलं आणि डिस्क झोपल्या. तुमच्याकडे टीव्ही नसेल तर विंडोज लॅपटॉपवर मॅप केलेला ड्राईव्ह असेल, किंवा मोबाईलचं फोटो ॲप असेल जे दर वेळी वायफायला आलं की सगळं तपासतं.

तुमचा पूल रेडझेड (डिस्क मेली तरी डेटा वाचवणारी झेडएफएसची रचना) आहे असं धरतो, त्यात एक लक्षात ठेवा, एक गाणं वाजवलं तरी चारही डिस्क उठतात, डेटा चौघांत पसरलेला असतो. एकच डिस्क उठावी असं पाहिजे तर स्नॅपरेड आणि मर्जरएफएस किंवा अनरेड सारखी रचना लागते, पण नुसत्या विजेसाठी पूल मोडून परत बांधू नका. चार डिस्क झोपल्या की भिंतीवर वीस-बावीस वॅट कमी होतात, म्हणजे ५५-६० ला आलात. दिवसाची सरासरी ६० धरली तर वर्षाला ५२५ युनिट, ६,३०० रुपये. निम्मं झालं.

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. पहाटे तीन वाजता तुमच्या घरात या मशीनचं काय काम आहे?

बसून यादी करा. फोटो बघणं, संध्याकाळी. सिनेमा, रात्री. मोबाईल बॅकअप, घरी आल्यावर चार्जिंगला लावला की. लॅपटॉप बॅकअप, कधीही चालतो. मग मशीन संध्याकाळी सहा ते रात्री बारा चालू ठेवलं तर कोणाचं काय अडतं? सहा तास ८० वॅटने आणि अठरा तास बंद असताना दोन वॅट, दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त, वर्षाला १९० युनिट, सव्वादोन हजार रुपये. १२,४०० वरून सव्वादोन हजार, आणि डिस्कच्या स्पिनडाऊनची सगळी कटकट पण नको, सहा तास फिरू देत, दिवसातून एकदा उठतात एकदा झोपतात. एवढी बचत बाजारातला कुठलाच पार्ट देत नाही. आणि मशीन ७० वॅटचं केलं का ८० चं, याने आता वर्षाला अडीचशे-तीनशेचाच फरक पडतो, म्हणजे वरच्या खटपटीतलं जे अवघड वाटतंय ते सोडून द्यायला मोकळे.

सस्पेंड नको, पूर्ण शटडाऊनच करा. जुनं वर्कस्टेशन, एलएसआय कार्ड राहिलं असेल तर ते, आणि झेडएफएस, या त्रिकुटाला झोपेतून उठवणं बेभरवशाचं आहे, ट्रूनॅसही ते गृहीत धरत नाही. रात्री बाराला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं करणारं वेळापत्रक) शटडाऊन, संध्याकाळी सहाला बायोसचं ऑटो ऑन. मध्येच लागलं तर वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करणं), मोबाईलवर ॲप मिळतात, बटण दाबायचं आणि ही मशीनं बूट व्हायला वेळ खातात तेवढं थांबायचं. वेक ऑन लॅनसाठी बायोसमध्ये डीप स्लीप बंद पाहिजे, ते चालू असेल तर लॅन कार्डाची वीजच जाते.

सगळ्यांना हे जमत नाही, ते मान्य. पायहोल (जाहिराती अडवणारं), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं), कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा गावाकडून आई-बाबा फोटो बघतात, असं काही चोवीस तास लागणारं असेल तर ते वेगळं काढा आणि एखाद्या छोट्या मशीनवर टाका. ऑफिसांतून निघालेले ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी किंवा एचपीचे मिनी, आय५-६५००टी च्या जमान्यातले, ते नऊ-दहा वॅटवर बसतात. वर्षाला ८० युनिट, साडेनऊशे रुपये. मोठं मशीन आणि हे धरून ३,२०० च्या आसपास. पण हिशोब नीट करा, नुसतं ट्यून करून चोवीस तास चालवण्याच्या तुलनेत वर्षाला तीनेक हजारच वाचतायत, मिनी मशीन नऊ-दहा हजाराला मिळालं तर वसूल व्हायला तीन वर्षं. चोवीस तासवालं काम खरंच असेल तरच घ्या. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असेल तर त्याला वेगळी डिस्क द्या, मोठा पूल जागा ठेवू नका.

हाच तराजू इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरच्या नवीन बोर्डाला लावा. चार डिस्क फिरताना तीस-पस्तीस वॅटमध्ये सगळं चालतं, छान वस्तू आहे. पण बोर्ड, रॅम, कॅबिनेट, सप्लाय मिळून वीस-पंचवीस हजार घालून सव्वादोन हजारातले हजार-बाराशे वाचवायचे का? चोवीस तास चालवणं भागच असेल आणि काहीच हाताशी नसेल त्याने तेच घ्यावं, तुमच्याकडे मशीन आहे. डिस्कचंही तसंच, ४ टीबीच्या चारच्या जागी १२ टीबीच्या दोन टाकल्या तर वॅट कमी होतील, पण चालू डिस्क काढून नवीन घेण्याएवढे नाहीत. जुन्या मरायला लागल्या की तेव्हा कमी आणि मोठ्या घ्या.

वेळापत्रक लावलं की दोन-तीन गोष्टी हमखास बिघडतात त्या सांगून ठेवतो. ट्रूनॅसचं स्क्रब (सगळा डेटा वाचून चुका तपासणं) डिफॉल्टने रविवारी मध्यरात्री लागलेलं असतं. त्या वेळी तुमचं मशीन बंद, म्हणजे स्क्रब कधीच होणार नाही आणि तुम्हाला कळणारही नाही. ते शनिवारी संध्याकाळी सहा-सव्वासहाला आणा, सहा तासांत संपलं नाही तरी पुढच्या वेळी तिथूनच पुढे चालू होतं. स्मार्टच्या (डिस्कच्या तब्येतीच्या) टेस्ट आणि स्नॅपशॉट पण चालू वेळेत आणा.

गुरुवारची मेंटेनन्सची लाईट गेली की काय होणार तेही बघा. बायोसमध्ये एसी रिकव्हरी 'पॉवर ऑन' असेल तर लाईट येताक्षणी मशीन दुपारी आपोआप चालू होऊन रात्री बारापर्यंत फुकट जळेल, म्हणून 'लास्ट स्टेट' ठेवा. लाईट पूर्ण जाऊन आली की काही बोर्ड एकदा बूट होईपर्यंत वेक ऑन लॅनला दाद देत नाहीत, त्या दिवशी मोबाईलवरून उठलं नाही तर घाबरू नका, सहाला ऑटो ऑनने उठेल.

उठेल, जर घड्याळ बरोबर असेल तर. टी५८१० हे २०१४ चं मॉडेल, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल तेव्हाचाच असायची शक्यता भरपूर, तो आत्ताच बदला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल बदलल्यावर बायोसची सेटिंगं डिफॉल्टला जाऊ शकतात, एएचसीआय, सी-स्टेट्स, डीप स्लीप, सगळं परत तपासा. आणि ट्रूनॅस हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी वेळ लिहितो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे संध्याकाळी सहाला मशीन चालू व्हायला पाहिजे असेल तर बायोसच्या ऑटो ऑनमध्ये दुपारचे १२:३० टाका.